बांधीतली गोरखमुंडी

फेब्रुवारी सरत आला की नवेगाव-नागझिऱ्याकडे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांच्या माना वर असतात. पळस, सावर, पांगारा. वाघ दिसला नाही तरी पळसावर वेळ निघतो. माझं काम मात्र पोटावर पडून चालतं, धान कापून गेलेल्या बांधीत. तळची ओल पुरती आटलेली नसते आणि धसकटांमधून गोरखमुंडी जांभळी झालेली असते.

बोराच्या आठळीएवढा तिचा गोंडा. लेन्समधून पाहिला की कळतं, हे एक फूल नव्हेच. बारीक फुलांचे झुबके एकमेकांना खेटून बसलेत. मॅक्रो लेन्स एकास एक प्रमाणावर नेली, छिद्र एफ ११ ठेवलं, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्टतेची पट्टी मिळते जेमतेम सव्वा मिलिमीटर. छिद्र आणखी बारीक करावं तर प्रकाश कडेला वळून सगळाच तपशील मऊ पडतो. त्यावर फोकस स्टॅकिंगचा उपाय सांगतात. घरात टेबलावर ठीक आहे. बांधीत एक झुळूक आली की दहा फ्रेम वाया. त्यापेक्षा कुठलं एक फूल टोकदार हवं ते ठरवावं आणि बाकीचं विरघळू द्यावं. ट्रायपॉड इतका खाली जात नाही, म्हणून कॅमेऱ्याखाली जाड्या तांदळाची थैली. राइस मिलच्या मुलखात तिला काय तोटा!

खरी परीक्षा धुऱ्यावरच्या कंबरमोडीची. ही मूळची अमेरिकेतली, पण आता तिच्याशिवाय धुरा सापडणार नाही. एकाच झाडावर कळी, फूल आणि उडायला टेकलेली म्हातारी. फुलाला कोवळं ऊन समोरून चालतं. म्हातारीला ते पाठीमागूनच हवं, आणि त्यामागे काळी छत्री. तेव्हा कुठे एकेका केसाला फुटलेले पिसासारखे फाटे दिसतात. पहाटे दवानं ते चिकटलेले असतात, ऊन चढलं की वारा सुटतो. दव वाळणं आणि वारा सुटणं यांच्यामधला वेळ तेवढा आपला. वाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही, तिचं सगळं बांधकाम त्याच्यासाठीच आहे.

यायचं तर होळीच्या आत या. इटियाडोह धरणाचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी धान लागलेलं असतं, तिकडे ही फुलं शोधू नका. कोरडवाहू बांधी बघा, मालकाला विचारून उतरा, आणि आड येणारी काडी उपटू नका. बोटानं बाजूला धरा.