उन्हाळी आवर्तन

श्रीरामपूरला रेल्वेने उतरणाऱ्याला फलाटावर 'बेलापूर' ही पाटी दिसते आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. आम्ही तिघे भाऊ कधी गोंधळलो नाही. ती पाटी दिसली की शाळा संपली, एवढाच तिचा अर्थ आमच्या लेखी होता. स्थानकाबाहेर मामा बैलगाडी जुंपून उभे असत आणि ऊस, मोसंबीच्या बागा, मग पुन्हा ऊस, असे करीत गाडी प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या काठाने गावाकडे निघे. कालवा हा शब्द तेथे कोणी वापरीत नसे, तो पाट.

मामांची विहीर मोटेच्या काळातली. मोट केव्हाच गेली होती, पण बैलांची धाव आणि पाणी ओतायचे थारोळे तसेच होते. एका अंगाला दगडी पायऱ्या, उरलेल्या तिन्ही अंगांना कपारी. कपारींत पारवे आणि काठावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे. येथेच आम्ही पोहायला शिकलो. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक पायरीवर बसलेल्या सालगड्याच्या हातात. आम्ही त्याला दादा म्हणत असू. आठव्या-नवव्या दिवशी दादाने दोर कधी सोडला हे आम्हांला कळलेच नाही. कळले तेव्हा आम्ही विहिरीच्या मध्यावर होतो आणि तो तंबाखू मळत होता. पुढे सूर आणि मुटके आले, आणि शेवटी सर्वांत मानाची गोष्ट, तळाला बुडी मारून मूठभर गाळ वर आणून दाखवणे. गाळ दाखवल्याशिवाय बुडी धरली जात नसे.

थोरली होती ती मामांची मुलगी, आमची ताई. ती आमच्या आधी शिकली होती आणि आमच्यापेक्षा चांगली पोहत असे. पण १९९० च्या त्या उन्हाळ्यात तिला तेरावे लागले होते आणि 'आता पाण्यात उतरायचे नाही' असे आजीने सांगून टाकले. ताईने वाद घातला नाही. ती काठावर, धावेच्या दगडावर बसून आमच्या बुड्या मोजी. एकाने कोणी खोटे सांगितले, गाळ कपारीतला आहे, तळाचा नाही, तर तिला रंगावरून ओळखू येई. आम्हांला त्यात काही गैर वाटले नाही, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

मे महिन्यात विहीर खाली जाऊ लागे. मोटार चालली की भिंतीवर ओलसर कडे उमटत जाई, आणि मोठी माणसे एकच प्रश्न विचारीत: आवर्तन कधी सुटणार? भंडारदऱ्याचे धरण तिकडे अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाशी. इंग्रजांनी १९१० साली काम हाती घेऊन १९२६ साली पुरे केलेले, अकरा टीएमसीचे. तेथून सोडलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उजव्या-डाव्या पाटांत वळते. आमच्या शिवारात ते पोहोचायला दिवस लागत. पाट वाहू लागला की त्याचा पाझर विहिरीलाही फुटे. म्हणजे आमचे पोहणेसुद्धा भंडारदऱ्याच्या हवाली होते.

पाणी येण्याच्या दिवशी आम्ही कोरड्या पाटात उतरून वाट पाहत असू. आधी वास येई, तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा. मग वळणावरून पाण्याचे तोंड दिसे: वीतभर उंच, फेसाळ, पुढे पालापाचोळा, तुटक्या चपला आणि एखादा घाबरलेला विरोळा लोटीत चाललेले. त्याच्या पुढे पुढे धावायचे, घोट्याला पाणी लागू द्यायचे नाही, हा खेळ. पाण्याची चाल माणसाच्या चालीएवढीच, पण दमतो तो माणूस. आयुष्यात पुष्कळ पाणी पाहिले, समुद्रही पाहिला. अशी मजा कोठे आली नाही.

तिसऱ्या दिवशी पाट छातीच्या वर भरला. पाटात पोहायला सक्त मनाई होती, कारण चारीला पाणी घेण्याचे लोखंडी दार जेथे असते तेथे वरून शांत दिसणारे पाणी खालून ओढते. आम्हांला हे ठाऊक होते. धाकटा, नऊ वर्षांचा, ट्यूबवरून निसटला आणि दाराकडे चालला. आम्ही दोघे थोरले काठावर उभे होतो. उभेच राहिलो. परकर-पोलक्यासकट उडी घेतली ती ताईने. तिने त्याचे केस धरले, दुसऱ्या हाताने दाराचा गज धरला आणि आम्हांला ओरडून धोतर टाकायला सांगितले. पलीकडे दारे धरणाऱ्या माणसाचे धोतर काठावर वाळत होते. त्याच्या आधाराने दोघे वर आले.

घरी सांगायचे नाही असे ठरले. ठरवले आम्हीच. ओले कपडे लपण्यासारखे नव्हते, म्हणून ताईने पाय घसरून पडल्याचे सांगितले. आजीने तिला सर्वांदेखत बोल लावले, 'घोडी झालीस तरी पाण्याची ओढ सुटत नाही', आणि उरलेली सुट्टी तिने घरात काढली. आम्ही तिघेही तेथेच जेवत बसलो होतो.

ती विहीर आता कोरडी आहे. आजूबाजूला कूपनलिका झाल्या. प्रवरेच्या पात्रात वाळू उपसल्याचे खड्डे आहेत, तेथे उतरण्यात अर्थ नाही. मामेभावाने शेततळे केले आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून शेततळी गावोगाव वाढली. त्यांवर कितीतरी बागा जगल्या; आणि त्यांत मुले बुडाल्याच्या बातम्याही दर उन्हाळ्यात येतात. पोहता येणाराही बुडतो. उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ. ना पायरी ना कपार. पाण्यातून बाहेर येता येत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही सारे मुलांसह तेथे जमलो. मुले तळ्याच्या कुंपणाला नाक लावून उभी होती. आमच्यातल्या धाकट्याने, काही ठरवलेले नसताना, पस्तीस वर्षांपूर्वीची हकीकत मामांना सांगितली. मामांना आता कमी ऐकू येते. त्याने दोनदा सांगितली. मामा बराच वेळ ताईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला तेव्हाच सांगायचं होतंस की गं." ताई म्हणाली, "अण्णा, तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं."

तेवढेच बोलणे झाले. संध्याकाळी तिने भावाकडून नायलॉनचा दोर मागून घेतला. नुसता दोर ओल्या हातातून निसटतो, म्हणून हातभर अंतरावर एकेक गाठ मारीत ती बांधावर बसली. चार कोपऱ्यांना चार दोर, वरचे टोक लोखंडी खुंटीला, खालचे पाण्यात. गाठी आवळायला आमची मुले तिच्याभोवती बसली होती, तिची नातही. खुंट्या ठोकायचे काम तिने आम्हां तिघांना दिले.