शजऱ्यात आजीचे नाव का नाही?

आपल्याकडे शजरा सांगायला बसलेला माणूस फार लांब जातो. आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, कुणाचे इराणातून, कुणाचे बगदादहून. बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावे धडाधड येतात. पण त्या अरब व्यापाऱ्याने इथे निकाह लावला ती बाई कोणत्या गावची, कोणत्या जातीची, हे कुणी सांगत नाही. ती बहुधा इथलीच होती. आपली भाषा, आपली भाकरी, आपल्या लग्नातली हळद तिनेच दिली.

दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या घराण्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणे वसवले. वेझेल या जर्मन गावातून आलेला आर्नोल्डस बासॉन तिथल्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी एक. आज बासॉन हे आडनाव आफ्रिकानेर लोकांत सर्रास आढळते. या घराण्याची मुळे शोधत मागे गेले की बापाच्या बाजूने युरोप लागतो आणि आईच्या बाजूने बंगाल.

तिचे नाव आन्सेला. कागदोपत्री 'बंगालची आन्सेला'. १६५७ साली ती गुलाम म्हणून केपला आली आणि ठाण्याचा प्रमुख यान फान रीबेक याच्या घरी राबली. १६६६ साली मुलांसह तिची सुटका झाली. पुढे तिने बाप्तिस्मा घेतला आणि १६६९ साली बासॉनशी लग्न केले. मूळ नाव, मूळ धर्म, आईबापाचे गाव यांतले काहीच तिच्या नावात उरले नाही. उरला तो फक्त 'बंगाल'.

१९४९ साली त्याच देशात गोरे आणि इतर वर्णांचे लोक यांच्यातल्या लग्नांवर कायद्याने बंदी आली. आन्सेलाचे लग्न तेव्हा झाले असते तर बेकायदा ठरले असते. पुढच्याच वर्षी प्रत्येकाच्या वंशाची सरकारी नोंद करणारा कायदा आला. त्यात स्वतःला शुद्ध गोरे म्हणवणाऱ्या कित्येकांच्या अंगात आन्सेलासारख्या बायकांचे रक्त होते. ज्या आजीला वंशावळीत दडवले, तिच्यासारख्यांच्याच लेकरांना त्या कायद्याने गोऱ्यांतून वगळले.

रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला जाऊ लागले. त्यांतल्या काहींनी तिथल्या मलाय मुसलमान मुलींशी निकाह केले. त्या घरांतही दोन मुळे आहेत. कोकणातल्या गावाचे नाव आडनावात राहते, आजीचे माहेर राहत नाही.

शजरा जपण्यात वाईट काही नाही. पण फक्त बापाचा शजरा माणसाला परका करतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' असे कुणी आपल्याला विचारले की आपणच अरबस्तानाकडे बोट दाखवतो आणि विचारणाऱ्याचे काम सोपे करतो. या मातीशी असलेला आपला सगळ्यात जुना पुरावा आजीकडे आहे. घरात कुणी म्हातारी हयात असेल, तर तिच्या आईचे आणि नानीचे नाव विचारून शजऱ्यात लिहून ठेवा.