अपघात नशिबाने होत नाही, भरपाई उपकाराने मिळत नाही

"हा काय चळवळीचा विषय आहे का?" असे आमच्याच कार्यकर्त्यांनी आम्हाला अनेकदा विचारले आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, गायरानाचा प्रश्न आहे, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे. हे सगळे सोडून तुम्ही अपघातातल्या मयताच्या कागदांमागे कशाला फिरता? बीड जिल्ह्यात आम्ही काहीजण रस्ते अपघातात माणूस गमावलेल्या, जायबंदी झालेल्या कुटुंबांसोबत काम करतो. पंचनाम्याची नक्कल काढणे, दवाखान्याच्या पावत्या जपून ठेवायला लावणे, वकिलाकडे सोबत जाणे असे हे साधे काम आहे. ते चळवळीचे काम का आहे, हे आम्ही इथे मांडणार आहोत.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. 1929 साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात होते. धुळ्याहून मुंबईला परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना एक रात्र थांबवून घेतले. स्टेशनवरून वस्तीकडे न्यायचे, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र तुमच्यातल्या कुणीतरी. ज्याने लगाम हातात घेतला त्याला टांग्याचा सराव नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवली आहे.

या घटनेचा पोलीस पंचनामा झाला असता तर त्यात काय आले असते? टांगा हाकणाऱ्याचा निष्काळजीपणा. चाक अडकले, घोडा बिथरला. बाबासाहेबांनी कारण शोधले ते त्याच्या मागे जाऊन. त्यांना तो अपघात जातीपर्यंत पोचलेला दिसला. अपघाताकडे पाहण्याची ही पद्धत आपल्याला त्यांनीच दिली आहे, आणि ती आपण वापरत नाही.

आम्ही सांत्वनाला जातो तेव्हा घराघरात एकच वाक्य ऐकू येते, "त्याचं भरलं होतं, बाबा." बौद्ध घरातही हेच ऐकू येते. धम्म मात्र सांगतो की जे घडते ते कारणाने घडते, आणि कारण दूर केले तर परिणाम टळतो. प्रतीत्यसमुत्पाद वंदनेपुरता ठेवायचा आणि ट्रॉलीखाली माणूस गेला की नशिबाला दोष द्यायचा, हे जमणार नाही. नशीब म्हटले की रस्त्याचा ठेकेदार सुटतो, गाडीचा मालक सुटतो, कारखाना सुटतो, विमा कंपनी सुटते. अडकते फक्त मयताची बायको.

मग कारणे पाहू. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे 19 टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्या दर दहांत सहाहून अधिक माणसांभोवती गाडीचा पत्राही नव्हता. समाजशास्त्र शिकताना आम्हाला आकड्यांमागचा माणूस विचारायला शिकवले होते. हा अहवाल मयताचे वय सांगतो, लिंग सांगतो, वाहन सांगतो. त्याची जात आणि त्याचे उत्पन्न सांगत नाही. ते आम्हाला घरी गेल्यावर कळते.

आमच्या जिल्ह्यात तर ते रस्त्यावरच दिसते. दिवाळीच्या आसपास धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई इथल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरे आणि वर माणसे. रात्र-रात्र प्रवास करून सांगली, कोल्हापूर, कर्नाटक गाठायचे. तिथे पोचल्यावरही उसाने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागून येणारा दुचाकीवाला तिच्यावर आदळतो. तोही बहुतेक वेळा आपल्यासारखाच कुणीतरी असतो. या टोळ्यांत वंजारी, बंजारा, मराठा, बौद्ध, मातंग, मुस्लिम सगळेच आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला आपल्या वस्तीच्या बाहेरच्या श्रमिकांशीही जोडतो.

19 जानेवारी 2025 ला बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांवर एसटी बस गेली. तीन जण मेले. ही पोरे महामार्गावर का धावत होती? गावाला धावण्याचे मैदान नसते म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात गेवराईजवळ गढीच्या पुलावर दुभाजकाला धडकलेली गाडी काढायला लोक रात्री रस्त्यावर उतरले आणि मागून आलेल्या ट्रकने सहा जणांना चिरडले. अपघातस्थळी वेळेत क्रेन आणि गस्तीची गाडी पोचायला हवी, मागची वाहने थांबवायला हवीत. हे काम लोकांना स्वतःच्या जिवावर करावे लागते. आता सांगा, यात नशीब कुठे आहे?

याच जिल्ह्याने दोन मोठे नेते रस्त्यावर गमावले. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे आणि 14 ऑगस्ट 2022 ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे. मेटेंच्या वेळी मदत किती उशिरा पोचली, यावर माध्यमांत बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण फडावर ट्रॉलीखाली आलेल्या बाईला अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळाने मिळाली, हा प्रश्न कोण विचारतो? तो विचारायला माणूस असणे, हीच आमच्या कामाची व्याख्या आहे.

आता हक्कांकडे येऊ. पहिला हक्क उपचाराचा. स्कूटरस्वाराला जवळच्या दवाखान्याने 'पोलीस केस' म्हणून दूरच्या दवाखान्यात पाठवले आणि तो मेला. त्यावरच्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले की जीव वाचवणे आधी, कागद नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, म्हणून 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे : नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, जखमी गरीब असो की श्रीमंत. इतके सगळे असूनही आम्ही एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर "आधी डिपॉझिट भरा" हे ऐकत उभे राहिलो आहोत. आत पोरगा, बाहेर बाप कानातली बाळी काढून देतोय. हक्क माहीत असलेला एक माणूस त्या काउंटरवर असला की बोलण्याचा सूर बदलतो, हेही आम्ही तिथेच पाहिले.

दुसरा हक्क भरपाईचा, आणि खरी लूट इथे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, राख सावडल्यावर, मुकादम आणि गावचा एखादा पुढारी येतो. "आता मेलेलं माणूस माघारी येतंय का? कोर्टात कशाला हेलपाटे घालता? मालक पन्नास हजार द्यायला तयार आहे." कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा होतो.

हा हिशोब प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा करून पाहावा. समजा, तीस वर्षांचा मजूर मेला. मागे बायको, दोन लेकरे, आई. न्यायालयाने त्याचे उत्पन्न महिना 12 हजार धरले, तर वर्षाचे 1,44,000. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 2,01,600. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : 1,51,200. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक 17. एकूण 25,70,400 रुपये, आणि अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. न्यायालय उत्पन्न कमी धरेल, मयताची चूक काढेल, आकडा खाली येईल. तरी पन्नास हजार कुठे आणि हा आकडा कुठे! तो स्टॅम्पपेपर म्हणजे विधवेच्या हातून काढून घेतलेले वीस वर्षांचे धान्य आहे.

पगारपत्रक नाही म्हणून घाबरू नका. रामचंद्रप्पा खटल्यात (2011) हमाली करणाऱ्या जखमीने सांगितलेले उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या कागदाशिवाय मान्य केले. बाई मेली तर "ती काय कमवत होती?" असे विचारणाऱ्यांना सांगा, 5 जानेवारी 2021 च्या कीर्ती निकालात न्यायालयाने घरकामाचेही आर्थिक मूल्य धरले आहे. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर, आणि अर्धा ऊस तिने तोडलेला. तिच्या मरणाचा दावा लावणे म्हणजे तिचे श्रम प्रथमच कागदावर आणणे आहे.

तिसरी अडचण मुदतीची. 1 एप्रिल 2022 पासून भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा, असा नियम आला. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे. तरी आपण सहा महिने हीच शेवटची तारीख धरून चालावे. आणि हे सहा महिने कुणाचे आहेत ते पाहा. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच. नोव्हेंबरात नवरा गेला, तरी अंगावर उचल असल्याने बाई फडावरच राहते. पट्टा पडून एप्रिल-मेमध्ये गावी येते तेव्हा मुदत संपत आलेली असते. कायदा लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या डोळ्यासमोर ती बाई नव्हतीच, एवढेच म्हणतो. त्यामुळे हे लक्षात ठेवा : अपघात सांगलीत झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

चौथी अडचण ट्रॅक्टरची. विमा शेतीकामाचा, वर माणसे बसलेली. कंपनी हात झटकते, आणि मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांबाबत न्यायालयाचे निकालही तिच्या बाजूचे आहेत. पण मालकाची जबाबदारी संपत नाही. शिवाय मजूर हा प्रवासी नसून कामावर निघालेला कामगार होता, हे दाखवता आले तर वाट वेगळी होते. म्हणून टोळीची यादी, उचलीचा कागद, वजनकाट्याच्या पावत्या, मुकादमाच्या फोनवरचे मेसेज जपा. कामगार भरपाईचा कायदाही आहे. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो, तो वकिलाशी बोलून निवडा.

गाडी पळून गेली, तरी हात हलवत परत फिरू नका. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार अशी योजना आहे आणि अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. फार थोडे लोक अर्ज करतात हे पाहून जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाच सांगितले की गाडी महिनाभरात सापडली नाही तर कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्या. आमचा सल्ला, महिना उलटला की ठाण्यात जाऊन ते पत्र मागा.

वकील परवडत नाही, हे कारण आपल्या लोकांनी देऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. निकालाच्या रकमेत टक्का ठरवणारा वकील बार कौन्सिलचे नियम मोडतो, हेही ठाऊक असू द्या.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, हे तर समाजसेवेचे काम झाले. आम्हाला ते मान्य नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, खाणीतल्या बायांची बाळंतपणाची रजा, अशा बाबींत त्यांनी कायदे घडवले, कारण दयेवर जगणारा मजूर कधी माणूस म्हणून उभा राहत नाही हे त्यांना ठाऊक होते. इंग्लंडमध्ये रस्त्यावर मुलगा गमावलेल्या एका आईने 1992 मध्ये 'रोडपीस' ही संघटना उभी केली. तिने सुरू केलेला स्मरणदिन 2005 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. नोव्हेंबरचा तिसरा रविवार. आपल्याकडे टोळ्या फडावर पोचलेल्या असतात तो हा काळ. त्या दिवशी विहारात दिवंगतांची नावे वाचा, आणि त्यानंतर तिथेच बसून कुणाचा दावा बाकी आहे त्याची यादी करा.

गावागावात दोन तरुण हवेत. त्यांना एफआयआर वाचता यावा, 108 आणि 112 ला लावलेल्या फोनची वेळ टिपता यावी, टोळी निघण्याआधी ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेता यावेत, ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र काढता यावे, आणि तिसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपर घेऊन येणाऱ्याला उंबऱ्यावरच थांबवता यावे. याला पदवी लागत नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले तिन्ही शब्द या एका कामात येतात.

जय भीम.