बुलेटची किल्ली

वडिलांच्या जुडग्यात कचेरीचे कपाट, धान्याची कोठी आणि माडी यांच्या वजनदार किल्ल्या पूर्वापार नांदत होत्या. त्यांच्या पंक्तीला १९७८ साली साडेतीनशे सीसीच्या बुलेटची चपटी, नाजूक किल्ली येऊन बसली. १९५५ साली रेडिचच्या इंग्रज कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी केली आणि मद्रासेत जी गाडी बनू लागली, तिचाच हा वंश. तिच्या एकुलत्या सिलिंडरची धडधड कानाला कितीही राजस वाटो, कास्केटमधल्या, म्हणजे हेडलाइटच्या टोपातल्या, किल्लीला लोंबणारे ते जुडगे तिच्यापायी मैलोन्मैल हिंदकळत राही आणि कुलपातले पितळ कणाकणाने झिजत जाई.

असल्या कुलपाचा खरा धर्म नकार देण्याचा. आतल्या नळकांड्यात स्प्रिंगांवर तोललेल्या पातळ पत्र्या ओळीने बसविलेल्या असतात. किल्लीच्या खाचांनी त्या सगळ्या नळकांड्याच्या कडेशी समतल झाल्या तरच ते फिरते, आणि एखादी केसभर जरी बाहेर राहिली तरी फिरण्यास सक्त मनाई. पत्र्या झिजल्या की ही मनाई ढिली पडते. पुढे पुढे वडील इंजिन चालू ठेवूनच किल्ली उपसून घेत व माडी उघडून येत. आईला त्यात यंत्राचा सुस्वभाव दिसे. वस्तुतः कुलपाचा अंमल संपुष्टात येत चालला होता. शेजाऱ्यांच्या स्कूटरची किल्ली त्याला चालली, तेव्हाही घरात कौतुकच झाले.

गाडी माझ्या नावावर चढली तोवर मूळ किल्ली पुरती आत सारून, मग किंचित मागे ओढून, डावीकडे दाबल्याविना फिरेनाशी झाली होती. शिवाय खड्डा आला की अँमीटरचा काटा शून्यावर कोसळे आणि इंजिन गप्प होई. कुलपामागच्या दोन तारा परस्पर जोडून पाहिल्या, तर गाडी खड्ड्यांतूनही निर्वेध चालली; कॉइल, पॉइंट आणि बॅटरी या तिघांवरील आरोप तेथेच खारीज झाला. दोष निघाला तो स्विचच्या काळवंडलेल्या पितळी संपर्कात, आणि तो पॉलिश पेपरने घासल्यावर काटा स्थिर झाला.

किल्लीचे प्रकरण निराळे होते. बाजारातल्या किल्लीवाल्याने ती उन्हाकडे धरली, खाचांवरून नख फिरविले आणि म्हणाला, “साहेब, हिची नक्कल काढली तर हिची झीजही नकलेत उतरेल.” सुदैवाने गाडीबरोबर आलेली दुसरी किल्ली कागदपत्रांच्या दप्तरात अस्पर्श पडून होती, तिच्यावरून त्याने जी कानसून दिली, ती विनातक्रार फिरते. पत्र्या मात्र जुन्याच आहेत, आणि चालू गाडीतून किल्ली आजही सहज हाती येते.

तेल सोडा, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ. परंतु तेलात धूळ मळून आत चिखल होतो, म्हणून मी ग्रॅफाइटची कोरडी पूडच वापरतो. मिस्त्री दर पावसाळ्याच्या तोंडाशी नवे कुलूप बसविण्याची तजवीज सुचवितात, आणि त्यांचे म्हणणे सर्वथा रास्त आहे. मी त्यांच्यासाठी चहा मागवितो.