बुचाचे झाड आणि माझा अर्ज

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुचाचे झाड आहे. ते कोणी लावले, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. आईला विचारले तर ती म्हणते, "मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हाही ते एवढेच होते." झाडे अशी एवढीच राहत नसतात, पण आईचे वय आता ८२ आहे, आणि तिच्या आठवणीतल्या झाडाची उंची कमी करण्याचा मला अधिकार नाही.

दिवसा हे झाड कोणाच्या फारसे नजरेत भरत नाही. सरळ उंच खोड, आणि त्यावर बोटाने दाबली तर मऊ लागणारी भेगाळ साल. या सालीपासून पूर्वी बाटल्यांची हलक्या प्रतीची बुचे करीत, म्हणून बिचाऱ्याला असे रुक्ष नाव पडले. 'गगनजाई' हे त्याचे दुसरे नाव मला अधिक आवडते. पावसाळा सरला की या झाडाची खरी ओळख पटते, आणि तीही रात्री. दिवस मावळल्यावर त्याची पांढरी फुले उमलू लागतात. प्रत्येक फुलाला बोटभर लांबीची नळी असते आणि मध असतो त्या नळीच्या अगदी तळाशी. तेथवर पोहोचेल एवढी लांब सोंड असते ती रात्री हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांना. त्यांचे आणि या फुलांचे जुने सख्य आहे. पहाटे पाहावे तो रस्त्यावर फुलांचा सडा पडलेला! गल्लीतल्या मुली ती वेचतात आणि सुईदोऱ्यावाचून, नळ्याच एकमेकींत गुंफून, त्यांची वेणी करतात. तुमच्यापैकी कोणी अशी वेणी केली असेल, तर मी काय म्हणतो ते त्याला लगेच कळेल.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या महानगरपालिकेने रस्त्यांचे सुशोभीकरण हाती घेतले. एके दिवशी शिडी घेऊन माणसे आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबावरचा पिवळा, मिणमिणता दिवा त्यांनी उतरवला आणि तेथे पांढराशुभ्र, प्रखर एलईडी दिवा बसवला. मग बुचाच्या खोडाला बुंध्यापासून वरच्या फांद्यांपर्यंत निळ्या-हिरव्या दिव्यांची माळ गुंडाळली. माळ घसरू नये म्हणून जागोजागी खिळे ठोकले. संध्याकाळी कळ दाबली आणि सारी गल्ली टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या. एवढेच नव्हे, तर त्या झाडाचे छायाचित्र काढून परगावी असलेल्या मुलीला पाठवले. पुढे मी जो तक्रारदार म्हणून प्रसिद्ध झालो, त्याने प्रथम टाळ्या वाजवल्या होत्या, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

तिसऱ्या की चौथ्या रात्री आईने मला हाक मारली. "अरे, उजाडले ना? मग चहा का नाही ठेवला अजून?"

घड्याळात पावणेतीन वाजले होते. खांबावरचा दिवा नेमका तिच्या खिडकीसमोर आला होता आणि त्याचा प्रकाश भिंतीवर उन्हाच्या तिरिपीसारखा पडला होता. मी जाड पडदा लावला. पडद्याने वारा अडला, आणि कडेकडेने प्रकाश येतच राहिला. त्या रात्रीपासून आई रोज दोन-तीन वेळा उठून बसू लागली. दिवसा ती जेवता जेवता पेंगू लागली. बाहेर झाडावरचे कावळेही अवेळी ओरडत. खांबाच्या पायथ्याशी सकाळी मेलेल्या पतंगांचा थर साचू लागला. फुलांकडे जायचे ते दिव्याकडे गेले आणि त्याच्याभोवती घिरट्या घालता घालता मेले. फुले कमी झाली का? मला कमी दिसली. पण मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, तेव्हा ते शपथेवर सांगणार नाही.

जानेवारीत मी पहिला अर्ज लिहिला. तो अर्ज मी जपून ठेवला आहे, आणि आज वाचताना मला त्याचे हसू येते. त्यात दोन पाने भरून मी चांदण्याचे वर्णन केले होते. जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले आहे, हे त्यात होते. त्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'अंधाऱ्या आकाशाचे उद्यान' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली होती. तेही मी लिहिले होते. १९३६ साली न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या दिव्यांजवळची झाडे पाहिली, आणि दिव्याच्या बाजूची पाने इतर पानांपेक्षा उशिरा गळतात असे त्याला आढळले, हेही मी सोडले नव्हते. झाड दिवस-रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखते. रात्र संपूच दिली नाही, तर त्याने ऋतू ओळखावा कसा? सारे खरे होते. शेवटी मागणी होती : 'सबब, सदर दिवे काढून टाकावेत.'

विद्युत विभागातल्या अभियंत्यांनी अर्ज वाचला की नुसता चाळला, कोण जाणे. ते म्हणाले, "साहेब, रोज पन्नास माणसे दिवा लावा म्हणून माझ्याकडे येतात. दिवा काढा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच!" दहा दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर 'दखलपात्र नाही' असा शेरा होता.

मी तो कागद हातात घेऊन जिन्यात उभा होतो. तेवढ्यात आवक खिडकीवरचे कारकून चहाला निघाले. त्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि ते म्हणाले, "गुरुजी, लिहिले आहे फार छान. पण नियम कोणता मोडला, ते कुठे लिहिले आहे?"

मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले; माझा निबंध असा नेमका कोणी तपासला नव्हता.

मग मी नियम शोधायला बसलो. आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालचा एक कायदा आहे. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' असे त्याचे लांबलचक नाव. परवानगीवाचून झाड तोडू नये, असे तो सांगतो. यात नवल काहीच नाही. नवल आहे ते 'तोडणे' या शब्दाच्या व्याख्येत. झाड कापणे, जाळणे एवढेच नव्हे, तर त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे, हेही या कायद्याच्या भाषेत तोडणेच आहे! ते कलम वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि बॅटरी घेऊन झाडापाशी गेलो. मला बोलायचे होते प्रकाशाविषयी. पण कायद्याची पहिली पायरी खिळ्याची होती. मी खिळे मोजले. हात पोहोचेल तेथवर ते ४१ भरले.

दुसऱ्या दिवशी मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. हा कायदा २००५ सालचा. दहा रुपयांचे तिकीट लावून कोणाही नागरिकाने प्रश्न विचारावा आणि कार्यालयाने तीस दिवसांत उत्तर द्यावे, असा त्याचा नियम आहे. मी चांदण्याचा शब्दही काढला नाही. एकच वाक्य लिहिले : 'अमुक झाडावर दिव्यांची माळ व खिळे लावण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेतली असल्यास तिची प्रत मिळावी.' अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले : 'सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.' एरवी असे उत्तर वाचून माणूस हताश होतो. मी ते दोनदा वाचले आणि आईलाही वाचून दाखवले. परवानगीचा कागदच नव्हता!

आता नवा अर्ज करायचा आणि त्यावर गल्लीच्या सह्या घ्यायच्या, असे मी ठरवले. बऱ्याच सह्या मिळाल्या. चहाच्या टपरीवाल्याने मात्र दिली नाही. माळेमुळे त्याच्याकडे संध्याकाळी गर्दी होत असे, आणि त्याने ते स्पष्ट सांगितले. मग मी समोरच्या घरी गेलो. तेथे राहणाऱ्या बाई रुग्णालयात परिचारिका आहेत. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि पेन खाली ठेवले.

"काका, माळेचे बरोबर आहे. पण येथे खांबावरचा दिवाही काढा म्हणून लिहिले आहे. त्याच्यावर मी सही करणार नाही."

"का बरे?"

"माझी पाळी रात्री साडेदहाला संपते. तो जुना दिवा महिन्यातून पंधरा दिवस बंद असायचा. त्या अंधारात मी एकदा गटाराच्या खड्ड्यात पडले आहे, आणि दोनदा कोणी तरी मागून चालत येते आहे म्हणून धावत आले आहे. हा दिवा लागला, तेव्हापासून मी धावलेले नाही."

मला काही उत्तर सुचले नाही. गेली पंचवीस वर्षे मी दहाच्या आत घरी परतणारा माणूस. रात्रीची गल्ली मी खिडकीतून पाहिली होती. तिच्यातून एकट्याने चालत आलो नव्हतो. माझ्या दोन पानांच्या चांदण्यात हे कोठेच आले नव्हते.

सिस्टरनीच मग विचारले, "काका, तो दिवा आजींच्या खिडकीत कशाला हवा? मला तर तो पायांपाशी हवा आहे."

मला एकदम फ्लॅगस्टाफची आठवण झाली. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले हे शहर. तेथे लॉवेल वेधशाळा आहे. १९३० साली प्लूटोचा शोध लागला तो याच वेधशाळेत. पुढे शहरात जाहिरातींसाठी मोठमोठे झोतदिवे आकाशात फिरू लागले आणि वेध घेणे कठीण होऊन बसले. तेव्हा १९५८ साली शहराने नियम करून ते झोत बंद केले. शहर मात्र अंधारात बुडाले नाही. पुढेही तेथे दिवे राहिले. कोठला दिवा किती प्रखर असावा आणि त्याचे तोंड कोठे असावे, याचे नियम होत गेले. २००१ साली जगातले पहिले 'अंधाऱ्या आकाशाचे शहर' म्हणून त्याच गावाची निवड झाली. हे सारे मी पूर्वीच वाचले होते. पण त्यातले जे घ्यायचे, ते सिस्टरांनी सांगेपर्यंत मी घेतले नव्हते.

त्यांच्याच ओट्यावर बसून आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. त्यात मागण्या दोन होत्या. झाडावरची माळ व खिळे १९७५ च्या कायद्यानुसार काढावेत, ही पहिली. खांबावरचा दिवा तसाच ठेवावा, मात्र त्याचे तोंड जमिनीकडे वळवून खिडकीच्या बाजूला झाकण बसवावे, ही दुसरी. दुसऱ्या मागणीसाठी मला कलम सापडले नव्हते. ती विनंती होती आणि विनंती म्हणूनच लिहिली. यावेळी पहिली सही सिस्टरांची होती. पोच घेऊन मी निघालो, तेव्हा आवक खिडकीवरचे कारकून काही बोलले नाहीत. शिक्का मात्र त्यांनी जरा जोरात मारला.

एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. झाडांवरच्या दिव्यांविरुद्ध ठाण्याच्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे व मीरा-भाईंदर या महानगरपालिकांना उत्तर देण्यास सांगितले. मुंबईत झाडांवरच्या माळा उतरवण्याचे काम सुरू झाले. त्या रहिवाशाची आणि माझी ओळख नाही. परंतु ते कात्रण मी लगेच अर्जाला जोडले. आमच्या कार्यालयाची चाल त्यानंतर थोडी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. केवळ माझ्याच अर्जाने सारे घडले असे म्हणालो, तर ती बढाई होईल.

मे महिन्यात शिडी पुन्हा आली. माळ उतरली. खिळे उपटण्याचे काम एका तरुण कामगाराकडे होते. प्रत्येक खिळा काढल्यावर तो त्या जागेवर क्षणभर अंगठा दाबून धरी. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते. वरच्या फांद्यांतले काही खिळे निघाले नाहीत. ते अजून तेथेच आहेत. टपरीवाला दोन महिने माझ्याशी बोलत नव्हता. "गल्लीची शोभा घालवली गुरुजींनी," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. त्याचा धंदा किती बुडाला हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

खांबावरच्या दिव्याला सप्टेंबर उजाडावा लागला. झाकण म्हणजे पत्र्याचा वाकवलेला तुकडा, दुसरे काही नाही. तो बसवायला अर्धा तासही लागला नाही. त्या रात्री मी मुद्दाम अकराच्या सुमारास खाली उतरून गल्लीतून चालत आलो. माझ्या पायांपुढचा प्रत्येक दगड दिसत होता. वर पाहिले, तर आईची खिडकी काळोखात होती.

ऑक्टोबरअखेर फुले आली. एके रात्री फाटक वाजले म्हणून मी बाहेर पाहिले, तर सिस्टर झाडाखाली उभ्या होत्या. पिशवी खांद्याला, चपला पायांत, आणि नुकतीच गळलेली फुले त्या ओंजळीत गोळा करीत होत्या. "उद्या आजींना द्या," त्या हलकेच म्हणाल्या. मी म्हटले, "आताच देतो." पण आत जाऊन पाहतो तो आई गाढ झोपली होती. मी फुले तिच्या उशाशी ठेवली.

मोठ्या रस्त्यावरच्या आणखी २३ झाडांवर माळा अजून आहेत. त्यांच्यासाठी सिस्टरांनी आणि मी मिळून दुसरा अर्ज दिला आहे. त्याला अद्याप उत्तर आलेले नाही. आवक क्रमांक मात्र आम्हा दोघांनाही पाठ आहे.