पाव किलो सुटा गुलाब

“लग्नाला की मयताला?”

तराजूला हात घालता घालता मावशींनी विचारलं आणि माझी वाचाच बसली. दादर स्टेशनाबाहेर, सेनापती बापट मार्गावरच्या फूलबाजारात सकाळी सव्वासहाला पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल ‘साइड, साइड’ ओरडत अंगावर येत होते, पायाखाली झेंडूचा चिखल झाला होता. अशा जागी बावन्न वर्षांच्या, चष्मा लावलेल्या शाळामास्तरानं ‘पलंगावर पसरायला’ असं उत्तर द्यायचं तरी कसं?

“पूजा आहे घरी.”

“पूजेला अर्धा किलो गुलाब कशाला? झेंडू न्या, तुळस न्या.”

शेवटी खाली वाकून, हळू आवाजात, लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत असं सांगून टाकलं. मावशी हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “मग पाव किलो बास,” म्हणाल्या. “आणि सुट्या पाकळ्या नका घेऊ, त्या कालच्या आहेत. अख्खी फुलं न्या, घरी सोडवा.”

त्यांचा प्रश्न तसा बरोबरच होता. 2024 चा मे महिना. लोकसभेचा प्रचार ऐन रंगात आलेला, आमच्याकडचं मतदान 20 तारखेला. शेजारच्या गाळ्यावर कुठल्याशा मिरवणुकीसाठी पाकळ्यांच्या गोण्या भरल्या जात होत्या. पूर्वी पुढाऱ्यांवर ओंजळीनं फुलं पडायची, आता जेसीबीतून पडतात. तोच गुलाब तिरडीवर जातो, दर्ग्याच्या चादरीवर जातो, नवरीच्या वाटेवरही जातो. मग विचारायचं कशाला? मावशींनी सांगितलं: मयताचं गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला आधी सोडायचं.

आता मी तिथे का होतो, ते सांगतो.

आमचं लग्न 1999 च्या मे महिन्यात डोंबिवलीत झालं. घर दोन खोल्यांचं, पाहुणे अठरा. आतली खोली आम्हाला मिळाली, बाहेर आतेभाऊ-मामेभाऊ ओळीनं घोरत पडलेले. त्यांनीच पलंग सजवला होता. पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून मांडवात उरलेल्या झेंडूच्या माळा सोडून चारी बाजूंनी बांधल्या होत्या. झेंडूचा उग्र वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ही आत आली, पलंगाकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, “दसऱ्याला ट्रक सजवतात तसं वाटतंय.” आमच्या संसारातला पहिला विनोद तिच्या नावावर आहे आणि त्यानंतरचे बहुतेक सगळेही.

ते झेंडूचं ऋण फेडायचं, असं मी पंचविसाव्या वर्षी मनावर घेतलं. लेक नोकरीला बंगळुरूला गेलेली, घरात दोघंच. एका भेटवस्तूंच्या दुकानात पारदर्शक पाकिटात लालभडक पाकळ्या दिसल्या. कापडाच्या. वर मेणबत्तीचं चित्र, खाली ‘सुगंधी’ असं छापलेलं. घेतल्या. घरी आणून कपाटात बनियनांच्या थप्पीमागे लपवल्या, आणि तिथेच चुकलो. तीन दिवसांनी निवडणुकीच्या कामाच्या ट्रेनिंगला गेलो, तर शेजारच्या मास्तरांनी खुर्ची वीतभर सरकवली. टॅक्सीच्या आरशाला टांगलेल्या पुठ्ठ्याच्या झाडाला येतो ना, तो वास माझ्या अंगाला येत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे नुसतं नाक मुरडून भागत नाही, कारण शोधावं लागतं. खऱ्या गुलाबाच्या वासात शेकडो द्रव्यं असतात. काही नाकाला लगेच कळतात आणि उडून जातात, काही मागे रेंगाळतात, काही इतकी थोडी की मोजायला यंत्र लागतं. पण तीच नसली तर गुलाब गुलाब वाटत नाही. स्वस्तातल्या नकलेत त्यांतली मूठभरच घेतात आणि त्यांचं प्रमाण वाढवून ठेवतात. म्हणजे अख्खी मैफल सोडून एकट्या तबल्याचाच आवाज मोठा केल्यासारखं. हिला अर्धशिशी आहे. तो वास खोलीत पसरला असता तर ती रात्र बाम चोळण्यातच गेली असती.

म्हणून खरा गुलाब. म्हणून दादर. घरी सांगितलं होतं, “परत ट्रेनिंग आहे.”

बाजारात शिरल्यावर आधी डोळे गेले ते डच गुलाबांकडे. वीस-वीसच्या गड्ड्या, प्रत्येक दांडा सरळ, कळी कशी चिमटीत धरून उभी केल्यासारखी. मावळात, तळेगावच्या बाजूला, पॉलिहाउसमध्ये हा गुलाब पिकतो आणि फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो. मी एक फूल नाकाशी नेलं. काही नाही. दुसरं नेलं. ओल्या कागदासारखा वास. दांडा लांब हवा, प्रवासात फूल टिकायला हवं, फुलदाणीत आठवडा निघायला हवा, अशा निवडी करत करत माणसानं हे वाण घडवलं, त्यात सुगंध मागे राहिला. 2015 साली फ्रेंच संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की गुलाबाच्या खास वासातलं जिरॅनिऑल बनायला पाकळीत एक विशिष्ट विकर लागतं, आणि बिनवासाच्या गुलाबांत त्या विकराचा जनुक जवळपास झोपलेला असतो. मावशींनी हेच तीन शब्दांत सांगितलं: “त्यो दिखाव्याचा हाय.”

त्यांनी गावठी गुलाब दिला. लहान, फिकट गुलाबी, काही गडद, पाकळ्या सैल, दिसायला गबाळा. पण पाटीवरचं ओलं फडकं उचललं आणि आजूबाजूचा चिखल, घाम, विडीचा धूर, सगळं क्षणभर बाजूला झालं. सोबत मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या. त्यांचीही एक तंबी मिळाली: उमललेला घेऊ नका, मिटलेला घ्या, तो संध्याकाळी आपला आपण उमलतो. आणि पिशवीला गाठ मारू नका, फुलं आत उकडतात. हेही अगदी शास्त्रशुद्ध. तोडलेलं फूल श्वास घेतच असतं, त्यातून उष्णता निघते. ढीग कोंडला की तो आतून तापतो.

परतीच्या लोकलला उलट दिशेची गर्दी असल्यामुळे बसायला मिळालं. मांडीवर उघडी पिशवी. कुर्ल्यापर्यंत डब्यातल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. समोरचे गृहस्थ म्हणाले, “सत्यनारायण वाटतं?” मी मान डोलावली. त्यांनी पिशवीला नमस्कार केला. मग मलाही करावा लागला.

दुपारी घरी एकटाच होतो. हिची बँक सहाला सुटते. फुलं सोडवायला बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांत मुंग्या निघाल्या, बारीक काळ्या. त्या झटकल्या. पांढरी चादर घातली आणि पाकळ्यांचा बदाम काढायला घेतला. बदामाचं खालचं टोक जमेना. लांबून बघितलं तर विड्याचं पान दिसत होतं. पुसून पुन्हा काढलं, तर पिंपळपान. पाव किलो म्हणजे वाटतं तेवढ्या पाकळ्याही नसतात. देठ, पुष्पकोश, कुजक्या पाकळ्या वगळल्या तर दोन मोठे वाडगे.

इथे मला क्लिओपात्रा आठवली. अ‍ॅथेनिअस नावाच्या ग्रीक लेखकानं नोंदवून ठेवलंय की अँटनीसाठी दिलेल्या मेजवानीत तिनं दालनांच्या फरशीवर हातभर जाडीचा गुलाबांचा थर घातला होता, आणि त्यासाठी एक टॅलंट, म्हणजे सव्वीसेक किलो चांदीच्या किमतीइतका खर्च केला. हातभर! कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. पण क्लिओपात्राच्या दालनात छताचा पंखा नव्हता, हे इतिहासकार लिहीत नाहीत.

ही आली. दारातच थबकली, हवा हुंगली.

“अहो, कोण गेलं?”

म्हणजे दादरच्या मावशी आणि माझी बायको यांचं मत एकच.

आत नेलं. तिनं पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पलंगाकडे. “ट्रेनिंग हेच होतं का?” मग बराच वेळ हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, तो नक्की कशासाठी, ते मी विचारलं नाही. “छान आहे हो,” म्हणाली, “पण हे पान कशाचं?”

मग मे महिन्यातल्या डोंबिवलीत कुणीही करेल तेच तिनं केलं. पंख्याचं बटण दाबलं, पाचवर.

पुढचं फार वर्णन करत नाही. पाकळ्या पडद्यावर गेल्या, कपाटाखाली गेल्या, एक माझ्या चष्म्यावर येऊन बसली. पंखा बंद केला तर घामाच्या धारा. चालू केला तर वादळ. अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून पाकळ्या गोळा करत होतो. कपाटाखालून पाकळ्यांबरोबर लेकीचं शाळेतलं खोडरबर निघालं, माझा हरवलेला पेन निघाला आणि 2011 सालचं गॅसचं पुस्तक निघालं, ज्यावरून आमचं एकदा आठवडाभर बोलणं बंद होतं. मीच हरवलं, असं तेव्हा ठरलं होतं. ते पुस्तक तिनं निमूटपणे पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पंचवीस वर्षांत हिनं माघार घेतल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो. हा त्यांतला मोठा.

जेवायच्या वेळी मला मोगरा आठवला. ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवला होता. फडकं होतं, मोगरा नव्हता.

“तो होय? माठात टाकला मी. मला वाटलं, माठासाठीच आणलाय.”

माझ्या योजनेत त्या कळ्या उशीशी होत्या. पण तिच्या माहेरी उन्हाळ्यात माठात वाळा आणि मोगरा असायचाच. आईनंतर तिनं तो कधी टाकला नव्हता, हे त्या रात्री कळलं. मी फुलांवरच्या औषधफवारणीचा मुद्दा काढला. “तीनदा धुतलाय,” म्हणाली, आणि विषय संपला. दहाच्या सुमाराला झाकण काढलं तेव्हा कळ्या पाण्यावर पूर्ण उमलल्या होत्या. मोगरा रात्रीच उमलतो आणि वासही तेव्हाच मोकळा सोडतो. पण हे मी तेव्हा सांगत बसलो नाही, एवढी अक्कल पंचवीस वर्षांत आली आहे. स्वयंपाकघरात दिवा न लावता, फरशीवर बसून आम्ही माठातलं पाणी प्यालो. ती माहेरच्या माठाविषयी बोलत होती. साडेबारा वाजले होते.

सकाळी चादरीवर डाग दिसले. अंगाखाली चुरडलेल्या पाकळ्यांचे, गुलाबी. मी गडबडीनं कपड्यांचा साबण लावला आणि डाग डोळ्यांदेखत निळे झाले. दरवर्षी मी वर्गात गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचा दर्शक करून दाखवतो: आम्लात लाल, आम्लारीत निळसर-हिरवट. मुलं टाळ्या वाजवतात. तोच प्रयोग मी स्वतःच्या चादरीवर करून बसलो होतो. लिंबू पिळल्यावर निळ्याचं पुन्हा गुलाबी झालं, पूर्ण काही गेलं नाही. तेव्हा कुणी पांढऱ्या चादरीवर पाकळ्या पसरणारच असेल तर एवढं ऐका: डागाला आधी गार पाणी, मग लिंबू, आणि साबण सगळ्यात शेवटी. त्याहून बरं म्हणजे जुनी, रंगीत चादर घाला.

कापडी पाकळ्यांचं पाकीट तसंच होतं. ते गणपतीत मखराला लावलं. दोन गणपती झाले, रंग जराही उतरलेला नाही. वास मात्र गेला, आणि कुणाला त्याचं दुःख नाही.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा दादरला गेलो. मावशींनी मला ओळखलं नाही. “लग्नाला की मयताला?” म्हणाल्या. मी सांगितलं, “माठाला.” त्यांनी न बोलता मोगरा तोलून दिला.