चिंचणीची मांजरे आणि सरकारची वही

बोईसरला आगगाडी सोडावी, तारापूरच्या अंगाने जावे, खाडी ओलांडावी, की आलीच चिंचणी. नावात चिंच, समुद्राकाठी मात्र मान सुरूच्या झाडांचा. तारापूरचे अणुवीजकेंद्र, जे 1969 साली सुरू झाले, इथून फारसे दूर नाही. अशा गावी पाहुण्याने काय पाहावे? आम्ही म्हणू, मांजरे पाहावीत. जिथे मासळी तिथे मांजर, हा किनाऱ्याचा नियमच आहे.

पण मासळीच्या डोक्यावर जगणे निराळे आणि सांभाळले जाणे निराळे. मांजरी दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. नकोशी पिले गोणत्यात घालून कोणी कोणाच्या तरी दारात ठेवून जातो. मग एखादी दयाळू बाई ओसरी मोकळी करते आणि पाहता पाहता ओसरीचा आश्रम होतो. असे आसरे कुठल्याही गावात उभे राहतात. मागोमाग येते शेजाऱ्याची तक्रार, आणि तक्रारीमागोमाग तपासनीस. आज एकजण येऊन जागा मोजतो. महिन्याने दुसरा येऊन तेच प्रश्न नव्याने विचारतो. बाई वैतागून म्हणते, "पुण्य करायलाही कागद लागतो का हो?"

या प्रश्नाचे उत्तर चिंचणीने हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. इथे सापडलेल्या, दिनेशचंद्र सरकार यांनी वाचलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848चा, म्हणजे इ. स. 926चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाण प्रांताचा कारभार मुहम्मद सुगतिप नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. भात, कालवण, तूप, सारे विनामूल्य! देवीच्या मठाला दिलेले दान तर तांब्यावर कोरले गेले. दान लिहून ठेवायचे ते मिरवण्यासाठी नव्हे. पुढच्या अधिकाऱ्याने ते मोडू नये म्हणून.

आज तांब्याच्या जागी कायदा आला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला आणि 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. ज्याच्या ताब्यात प्राणी, त्याच्यावर त्याच्या सुखाची जबाबदारी, असे तो सांगतो. म्हणजे दयाळू माणूसही जाबाबाहेर नाही. हे योग्यच. एका खोलीत पन्नास मांजरे कोंडली आणि नवे मांजर पंधरा दिवस वेगळे न ठेवता त्यांत सोडले, तर पॅनल्यूकोपेनियाची साथ पिलांना पटापट नेते. दयेच्या पोटी झाली म्हणून ती हानी कमी होत नाही.

पण तपासनिसाचेही काही कर्तव्य आहे. ते समजायला डहाणूला जावे. तिथे वनखात्याच्या आवारात, प्राणिमित्रांच्या संस्थेच्या हातभाराने जखमी समुद्री कासवांची शुश्रूषा होते. कासव 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. ते हाती आले, तर अठ्ठेचाळीस तासांत कळवणे भाग. नोंदीवाचून ते ठेवता येत नाही, की सोडता येत नाही. पण तिथे वहीबरोबर पाण्याची टाकी आणि पशुवैद्यही आहे. मांजराच्या वाट्याला बहुधा नुसती वही येते.

दर जिल्ह्यात प्राणिक्लेश निवारण समिती असावी, असे 2001चे नियम सांगतात. पालघर 2014पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तपासायला येणाऱ्याने एका हातात नोटीस आणली, तर दुसऱ्या हातात लस आणि नसबंदीची तारीखही आणावी. नुसत्या नोटिशीने आसरा बंद पडतो आणि मांजरे पुन्हा गोणत्यात जातात.

तेव्हा वाचकहो, चिंचणीला गेलात तर बाजारातल्या मांजराला मासळीचे डोके जरूर टाका. पण मांजरे सांभाळणारी कोणी भेटलीच, तर तिच्यासाठी एक कोरी वही न्या. आलेले मांजर, टोचलेली लस, मेलेले पिलू, सारे तिने त्यात लिहावे. पुढच्या तपासणीला तीच तिच्या बाजूने बोलेल.